ज्वालामुखीनंतरचे आकाश : स्थितांबरातील सूक्ष्मकणांचे लेसरद्वारे दीर्घकालीन निरीक्षण

सारांश

मोठ्या ज्वालामुखी उद्रेकांतून स्थितांबरात पोहोचलेला सल्फर डायऑक्साइड वायू काही आठवड्यांत गंधकाम्लाच्या सूक्ष्म थेंबांत रूपांतरित होतो आणि हे थेंब वर्ष-दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ पृथ्वीवर येणारा सूर्यप्रकाश अंशतः परतवीत राहतात. या थेंबांचे उंचीनुसार मापन करण्याचे प्रमुख साधन म्हणजे लायडर होय. प्रस्तुत लेखात लायडरचे कार्यतत्त्व, जगातील दीर्घ निरीक्षणमालिका आणि त्यांतून निघालेले काही महत्त्वाचे निष्कर्ष यांचा परिचय करून दिला आहे. उद्रेकाच्या काळातील मापनांइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, उद्रेक नसताना घेतलेल्या मापनांचे मोल असते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजशब्द : लायडर, स्थितांबर, सूक्ष्मकण, प्रतिप्रकीर्णन, पिनाटुबो, हवामान बदल.

१. प्रस्तावना

ऑगस्ट १८८३ मध्ये इंडोनेशियातील क्राकाटोआ ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला. त्यानंतर सप्टेंबर महिन्यात श्रीलंका व मद्रास परिसरातील लोकांना हिरवट-निळसर सूर्य दिसला, आणि पुढील अनेक महिने जगाच्या निरनिराळ्या भागांत सूर्यास्तानंतर आकाश असाधारण लाल दिसत राहिले. लंडनच्या रॉयल सोसायटीने या साऱ्या नोंदी एकत्र करून १८८८ मध्ये सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. आकाशात काहीतरी पसरले आहे, हे त्या काळी डोळ्यांना दिसत होते; मात्र ते किती उंचीवर आहे, किती आहे आणि किती वेगाने ओसरत आहे, हे थेट मोजण्याचे साधन उपलब्ध नव्हते.

त्यानंतर शंभरहून अधिक वर्षांनी, जून १९९१ मध्ये, फिलिपाइन्समधील पिनाटुबोचा उद्रेक झाला तेव्हा परिस्थिती पूर्णपणे पालटलेली होती. अमेरिका, युरोप, ब्राझील, क्यूबा, रशिया अशा अनेक ठिकाणी शास्त्रज्ञ रात्रीच्या आकाशात लेसरची शलाका सोडून उद्रेकाने निर्माण केलेल्या थराची उंची व घनता मोजत होते. यांतील काही केंद्रांचे काम १९७० च्या दशकापासून चालू होते. हे काम कसे चालते आणि इतकी वर्षे चिकाटीने चालविल्यामुळे नेमके काय हाती लागले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२. स्थितांबरातील थर : उगम आणि आयुष्य

वातावरणाच्या सर्वांत खालच्या थरास तपांबर म्हणतात. ढग, पाऊस, वादळे या घडामोडी याच थरात होतात. ध्रुवप्रदेशात सुमारे ८ किलोमीटर आणि विषुववृत्ताजवळ सुमारे १७ किलोमीटर उंचीवर तपांबर संपते व स्थितांबर सुरू होते. स्थितांबरात उंचीबरोबर तापमान वाढत जाते, त्यामुळे तेथील हवेचे ऊर्ध्व मिश्रण अतिशय मंद असते. तपांबरातील धूलिकण पावसाबरोबर काही दिवसांत खाली येतात. स्थितांबरात पाऊस नाही. म्हणून तेथे पोहोचलेला कण दीर्घकाळ टिकतो.

१९६१ मध्ये क्रिस्टियन युंगे व त्यांच्या सहकाऱ्यांनी फुग्यांतून पाठविलेल्या उपकरणांच्या साह्याने सुमारे २० किलोमीटर उंचीवर गंधकयुक्त कणांचा एक थर असल्याचे दाखवून दिले. हा थर आज 'युंगे थर' म्हणून ओळखला जातो. यातील कण म्हणजे साधारणपणे ७५ टक्के गंधकाम्ल व २५ टक्के पाणी असलेले द्रवबिंदू होत. शांत काळात त्यांची त्रिज्या सुमारे ०.१ मायक्रोमीटर असते. पिनाटुबोसारख्या उद्रेकानंतर ती ०.५ मायक्रोमीटरपर्यंत वाढते.

येथे एक सामान्य गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. हवामानावर परिणाम घडविणारा घटक ज्वालामुखीची राख नसून त्याचा वायू असतो. राखेचे कण तुलनेने जड असल्याने त्यांचा बहुतांश भाग काही दिवस ते काही आठवड्यांत खाली बसतो. सल्फर डायऑक्साइड वायू मात्र पसरत जातो आणि रासायनिक क्रियेने त्याचे गंधकाम्लात रूपांतर होते. मे १९८० मधील माउंट सेंट हेलेन्सचा स्फोट अत्यंत विध्वंसक होता. परंतु त्यातून स्थितांबरात गेलेला सल्फर डायऑक्साइड सुमारे १० लाख टन एवढाच होता आणि हवामानावर त्याचा परिणाम नगण्य ठरला. याउलट १९८२ मधील मेक्सिकोतील एल चिचोनने सुमारे ७० लाख टन, तर पिनाटुबोने सुमारे १.५ ते २ कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर फेकला. तात्पर्य, उद्रेक किती भीषण दिसला यावरून त्याचा हवामानावरील परिणाम ठरविता येत नाही. स्थितांबरात प्रत्यक्ष किती कण तयार झाले हे मोजावेच लागते.

३. लायडरचे कार्यतत्त्व

रडारमध्ये रेडिओ तरंगांचा जो उपयोग केला जातो, तोच लायडरमध्ये लेसरच्या प्रकाशाचा केला जातो. लेसरचा अत्यल्पकालीन स्पंद आकाशात ऊर्ध्व दिशेने सोडला जातो. वाटेत भेटणारे हवेचे रेणू व सूक्ष्मकण त्या प्रकाशाचे सर्व दिशांना प्रकीर्णन करतात. त्यांपैकी अत्यल्प प्रकाश उलट दिशेने जमिनीकडे परततो. शेजारीच बसविलेली दुर्बीण तो गोळा करते आणि संवेदक त्याची तीव्रता नोंदवितो.

प्रकाश परत येण्यास लागलेल्या वेळेवरून उंची कळते. एका मायक्रोसेकंदात प्रकाश सुमारे ३०० मीटर जातो. जाणे व येणे मिळून विचार केल्यास प्रत्येक मायक्रोसेकंद १५० मीटर उंचीशी निगडित होतो. २० किलोमीटर उंचीवरील थरापासून निघालेला प्रकाश सुमारे १३३ मायक्रोसेकंदांनी परत येतो. परतणारा प्रकाश अत्यंत क्षीण असल्याने हजारो स्पंदांची सरासरी काढावी लागते, आणि आकाशाचा स्वतःचा प्रकाश कमी असावा म्हणून निरीक्षणे बहुधा रात्री केली जातात. ढग असल्यास मापन होत नाही. म्हणून अशा केंद्राची नोंदवही म्हणजे एका अर्थाने निरभ्र रात्रींचा इतिहासच असतो.

परत आलेल्या प्रकाशात रेणूंचा वाटा किती आणि कणांचा किती, हे वेगळे करणे हा या पद्धतीचा गाभा आहे. हवेची घनता फुग्यांद्वारे घेतलेल्या तापमान व दाबाच्या नोंदींवरून काढता येते, आणि त्यावरून केवळ रेणूंमुळे किती प्रकाश परत यावा याचे गणित मांडता येते. ज्या उंचीवर कण जवळजवळ नाहीत असे मानता येते, साधारणपणे ३० ते ३५ किलोमीटरच्या दरम्यान, तेथे प्रत्यक्ष नोंद व गणित यांची सांगड घातली जाते. त्याखालील प्रत्येक उंचीवर प्रत्यक्ष प्रकाश आणि केवळ रेणूंचा प्रकाश यांचे गुणोत्तर काढले जाते. यास प्रकीर्णन गुणोत्तर म्हणतात. हवा संपूर्ण स्वच्छ असेल तर हे गुणोत्तर १ येते. मोठ्या उद्रेकानंतर ते १० च्याही वर जाऊ शकते.

याखेरीज परत आलेल्या प्रकाशाचे ध्रुवणही तपासले जाते. द्रवबिंदू गोलाकार असल्याने त्यांच्याकडून परतणाऱ्या प्रकाशाचे ध्रुवण जवळजवळ तसेच राहते. राखेसारखे वेडेवाकडे कण ते बदलतात. त्यामुळे थरात राख आहे की गंधकाम्लाचे थेंब, याचा अंदाज बांधता येतो.

१९६० मध्ये थिओडोर मेमन यांनी पहिला रुबी लेसर तयार केला. त्यानंतर अवघ्या तीन-चार वर्षांत जॉर्जो फिओक्को यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे त्याचा वातावरणाच्या अभ्यासासाठी उपयोग केला. १९६४ मध्ये फिओक्को व जेराल्ड ग्रॅम्स यांनी २० किलोमीटर उंचीवरील थराची लायडर निरीक्षणे प्रसिद्ध केली. १९६३ मध्ये बाली बेटावरील आगुंग ज्वालामुखीचा उद्रेक झालेला होता. अशा रीतीने या साधनाचा जन्म आणि त्याला मिळालेला पहिला मोठा विषय, दोन्ही एकाच काळातले आहेत.

४. एका रात्रीचे मापन आणि तीस वर्षांची मालिका

एका रात्री लायडर चालविणे आणि तीस वर्षे चालविणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शांत काळात हिरव्या लेसरने मोजलेले प्रकीर्णन गुणोत्तर जेमतेम १.०५ ते १.१ इतके असते. उदाहरणादाखल ते १.०६ आहे असे समजू. म्हणजे कणांचा वाटा केवळ ०.०६ आहे. संदर्भ-उंचीवरील गणितात एक टक्क्याची चूक झाली, तर या वाट्यात सुमारे एक-षष्ठांश इतकी चूक शिरते. आता या वाट्यात दरवर्षी ५ टक्के वाढ होत आहे काय, असा प्रश्न विचारला, तर एका वर्षातील बदल ०.००३ एवढाच असेल. कोणत्याही एका रात्रीच्या नोंदीत तो दिसणे शक्य नाही. परंतु हीच वाढ दहा वर्षे टिकली, तर मूळ राशी दीडपटीहून अधिक होते आणि शेकडो रात्रींच्या सरासरीत ती स्पष्ट दिसू लागते. मालिकेची लांबी हा येथे सोयीचा भाग नाही. ती मापनाच्या अचूकतेचाच एक घटक आहे.

दुसरी अडचण उपकरण बदलण्याची आहे. सुरुवातीच्या केंद्रांत ६९४ नॅनोमीटर तरंगलांबीचा, तांबडा प्रकाश देणारा रुबी लेसर वापरला जात असे. पुढे ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश देणारा निओडिमियम-याग लेसर रूढ झाला. रेणूंचे प्रकीर्णन तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असल्याने हिरव्या प्रकाशात ते तांबड्याच्या सुमारे २.९ पट होते. कणांचे प्रकीर्णन मात्र एवढे वाढत नाही. परिणामी तोच थर नव्या लेसरने मोजला असता त्याचे गुणोत्तर कमी येते. दोन्ही नोंदी तशाच जोडल्या, तर आकाशात काहीच घडले नसताना कण घटल्याचा भास होईल. म्हणून प्रत्येक बदलाच्या वेळी रूपांतर गुणांक काढणे, शक्य असल्यास जुने व नवे उपकरण काही काळ एकत्र चालविणे आणि त्याची लेखी नोंद ठेवणे अपरिहार्य ठरते.

५. दीर्घ मालिका असलेली केंद्रे

जगात अशा मालिका मोजक्याच आहेत. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातील हॅम्प्टन येथील नासाच्या लँगली केंद्राने आणि हवाई बेटांवरील मौना लोआ वेधशाळेने १९७४ पासून निरीक्षणे सुरू केली. मौना लोआ येथे १९९४ मध्ये निओडिमियम-याग लेसर आला. जर्मनीतील आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या गार्मिश-पार्टेनकिर्शेन येथील मालिका १९७६ पासूनची आहे. रशियातील टोम्स्क येथे १९८६ पासून मापने होत आली. ब्राझीलमधील साओ जोसे डॉस कांपोस येथील लायडर मुळात ९० किलोमीटरच्या आसपास असलेल्या सोडियमच्या थराच्या अभ्यासासाठी १९७० च्या दशकात उभारला गेला होता. खालच्या सूक्ष्मकणांची माहिती ही त्याची अनुषंगिक प्राप्ती. दक्षिण गोलार्धातील नोंदी विरळ असल्याने या अनुषंगिक प्राप्तीला पुढे मोठे महत्त्व आले.

६. पिनाटुबो : मालिकेची कसोटी

१५ जून १९९१ रोजी पिनाटुबोच्या मुख्य उद्रेकाने द्रव्य सुमारे ३५ किलोमीटर उंचीपर्यंत नेले. त्यातील वायूचा पट्टा सुमारे तीन आठवड्यांत पृथ्वीभोवती फिरून आला. १९९२ मध्ये पृथ्वीच्या पृष्ठभागाचे सरासरी तापमान सुमारे ०.५ अंश सेल्सिअसने घटले. जेम्स हॅन्सेन व सहकाऱ्यांनी हवामान प्रारूपाच्या आधारे साधारण एवढीच घट १९९२ च्या आरंभीच वर्तविली होती. हवामान प्रारूपांच्या विश्वासार्हतेची ही एक मोठी कसोटी ठरली.

या काळात एक अनपेक्षित अडचण उद्भवली. त्या वेळी सूक्ष्मकणांच्या जागतिक मापनाची जबाबदारी प्रामुख्याने 'सेज-२' या उपग्रहीय उपकरणावर होती. सूर्योदय व सूर्यास्ताच्या वेळी वातावरणाच्या कडेतून येणारा सूर्यप्रकाश मोजून ते काम करीत असे. पिनाटुबोनंतर थर इतका दाट झाला की त्यातून प्रकाश पार होईना. म्हणजे ज्या महिन्यांत माहितीची सर्वाधिक गरज होती, त्याच महिन्यांत थराच्या खालच्या भागाविषयी हे उपकरण आंधळे झाले. ही पोकळी पुढे जमिनीवरील लायडरच्या नोंदींनी भरून काढावी लागली. उपग्रह आले म्हणजे जमिनीवरील केंद्रांची गरज संपली, हा समज किती अपुरा आहे, हे यावरून दिसते.

त्यानंतरची पाच-सहा वर्षे लायडर केंद्रांनी थराचा ऱ्हास नोंदविला. थराचे प्रमाण साधारणपणे वर्षभरात मूळच्या सुमारे एक-तृतीयांशावर येते, असे या नोंदींतून दिसते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात वातावरण पुन्हा शांत अवस्थेत आले. अनेकांच्या दृष्टीने येथे विषय संपला होता.

७. 'शांत' आकाशाचा प्रश्न

वस्तुतः सर्वांत बोधप्रद भाग यानंतरचा आहे. शांत काळातील थर, ज्यास पार्श्वभूमी थर म्हणतात, हळूहळू वाढत आहे काय, असा प्रश्न १९९० पासून विचारला जात होता. मानवी उद्योगांतून निघणारा गंधक वर पोहोचत असेल तर तसे होणे शक्य होते. २००६ मध्ये टेरी डेश्लर व सहकाऱ्यांनी हॅम्प्टन, गार्मिश, मौना लोआ व साओ जोसे डॉस कांपोस येथील लायडर मालिका, तसेच वायोमिंगमधील लॅरॅमी येथील १९७१ पासूनच्या फुग्यांच्या नोंदी एकत्र तपासल्या. १९७१ ते २००४ या काळात पार्श्वभूमीत दीर्घकालीन बदल झालेला नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

तीनच वर्षांनी, २००९ मध्ये, डेव्हिड हॉफमन व सहकाऱ्यांनी मौना लोआ व बोल्डर येथील लायडर नोंदींवरून वेगळे चित्र मांडले. २००० नंतर प्रतिप्रकीर्णन दरवर्षी ४ ते ७ टक्क्यांनी वाढत होते. पिनाटुबोसारखा एकही मोठा उद्रेक या काळात झालेला नव्हता. त्यामुळे चीनमधील कोळशाच्या वाढत्या वापरातून निघणारा गंधक हे संभाव्य कारण म्हणून पुढे आले. निरीक्षण अचूक होते आणि अनुमानही तर्कसंगत होते.

परंतु २०११ मध्ये झां-पॉल व्हर्निए व सहकाऱ्यांनी उपग्रहांच्या नोंदींचा उंची व अक्षांशांनुसार तपशीलवार मागोवा घेतला, तेव्हा ही वाढ सलग नसून पायऱ्यापायऱ्यांची आहे, आणि प्रत्येक पायरीच्या मुळाशी मध्यम आकाराचा एखादा उद्रेक आहे, असे आढळले. २००६ मधील कॅरिबियन समुद्रातील सूफ्रिएर हिल्स व पापुआ न्यू गिनीतील तावुरवुर हे त्यांपैकी होत. २०१३ मध्ये रायन नीली व सहकाऱ्यांच्या प्रारूपाधारित अभ्यासानेही आशियातील मानवी उत्सर्जनाचा वाटा अत्यल्प असल्याचे दाखविले. ज्याला शांत आकाश म्हटले जात होते ते खऱ्या अर्थाने शांत नव्हतेच. लहान उद्रेक त्याला सतत डिवचीत होते.

हा वाद केवळ तज्ज्ञांपुरता नव्हता. सुसान सॉलोमन व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखविले की, २००० नंतरच्या दशकात या सूक्ष्मकणांनी दर चौरस मीटरला सुमारे ०.१ वॅट इतका शीतकारक परिणाम केला. त्या दशकातील तापमानवाढ अपेक्षेपेक्षा मंद का होती, या सार्वजनिक चर्चेतील प्रश्नाचा हा एक अंश होता. २०१४ मध्ये डेव्हिड रिडली व सहकाऱ्यांनी आणखी एक उणीव दाखवून दिली. १५ किलोमीटरखालचा, परंतु मध्य व उच्च अक्षांशांवर स्थितांबरातच मोडणारा भाग उपग्रहांच्या हिशेबात धरला जात नव्हता. जमिनीवरील लायडर व इतर उपकरणांच्या आधारे तो धरल्यावर २००० नंतरच्या ज्वालामुखीजन्य शीतकरणाचा अंदाज ०.०५ ते ०.१२ अंश सेल्सिअस इतका आला.

या घटनाक्रमातून काय दिसते? २००६ चा निष्कर्ष, २००९ चे निरीक्षण आणि २०११ ची दुरुस्ती या तिन्ही गोष्टी शक्य झाल्या, कारण १९७० च्या दशकापासून कोणीतरी, उद्रेक नसतानाही, निरभ्र रात्री लेसर लावून बसत होते. पार्श्वभूमी ही मागाहून मोजता येणारी राशी नाही. आज उद्रेक झाला म्हणून कालचे आकाश उद्या मोजता येत नाही.

८. भारतीय संदर्भ

पिनाटुबोच्या थराचे भारतातही मापन झाले. अहमदाबाद येथील भौतिक संशोधन प्रयोगशाळेतील ए. जयरामन व सहकाऱ्यांनी निओडिमियम-याग लायडरने या थराचा अहमदाबादवरील ऱ्हास नोंदविला. त्यांचा शोधनिबंध १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. हैदराबाद येथून फुग्यांच्या साह्यानेही या थराचा अभ्यास झाला. तिरुपतीजवळील गादंकी येथे १९९८ मध्ये जपानच्या सहकार्याने लायडर उभारण्यात आला. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत १९८६ पासून आर्गॉन-आयन लेसरवर आधारित लायडरने निरीक्षणे झाली. मात्र त्यांचा रोख जमिनीलगतच्या वातावरणातील सूक्ष्मकणांवर होता. एकच तत्त्व वेगवेगळ्या उंचीसाठी कसे योजले जाते, याचे हे जवळचे उदाहरण आहे.

या विषयाचा भारतीय मोसमी वाऱ्यांशी थेट संबंध असल्याचे जून २०११ मध्ये दिसून आले. आफ्रिकेतील एरिट्रिया देशातील नाब्रो ज्वालामुखीचा उद्रेक झाल्यावर स्थितांबरात मोठा थर आढळला, आणि उत्तर गोलार्धातील अनेक लायडर केंद्रांनी त्याचा मागोवा घेतला. हा वायू उद्रेकाने थेट स्थितांबरात पोहोचविला की आशियाई मोसमी अभिसरणाने त्याला वर उचलले, यावर वाद झाला. त्याच वर्षी उपग्रहावरील लायडरच्या नोंदींवरून असेही पुढे आले की, पावसाळ्यात भारतीय उपखंड व त्याच्या आसपासच्या प्रदेशावर सुमारे १३ ते १८ किलोमीटर उंचीवर सूक्ष्मकणांचा स्वतंत्र थर तयार होतो. पुढील वर्षांत भारतातून सोडलेल्या फुग्यांद्वारे त्याचा अभ्यास झाला आणि त्यात नायट्रेटचे प्रमाण लक्षणीय आढळले. ज्वालामुखीचे कण आणि आपल्या प्रदेशातून वर जाणारे कण यांतील भेद ओळखायचा, तर आपल्या अक्षांशांवरील दीर्घ मालिकांना पर्याय नाही.

९. अलीकडचा काळ

२०१७ पासून या निरीक्षणांपुढे नवे प्रश्न उभे राहिले आहेत. ऑगस्ट २०१७ मध्ये कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात आणि २०१९-२० मध्ये ऑस्ट्रेलियात लागलेल्या वणव्यांचा धूर स्थितांबरात पोहोचला. जून २०१९ मध्ये कुरिल बेटांवरील रायकोके ज्वालामुखीचा उद्रेक झाला. धूर आणि गंधकाम्लाचे थेंब एकाच आकाशात आल्याने केवळ किती प्रकाश परतला एवढे मोजून भागत नाही. ध्रुवण व एकाहून अधिक तरंगलांबींचा आधार घ्यावा लागतो.

१५ जानेवारी २०२२ रोजी टोंगा देशातील हुंगा या समुद्राखालील ज्वालामुखीचा उद्रेक झाला. त्याचा लोट सुमारे ५७ किलोमीटर उंचीपर्यंत गेला. त्यातून सल्फर डायऑक्साइड सुमारे ४ ते ५ लाख टन एवढाच गेला. परंतु पाण्याची वाफ सुमारे १५ कोटी टन गेली, आणि स्थितांबरातील एकूण पाण्यात सुमारे १० टक्के भर पडली. हिंदी महासागरातील रियुनियन बेटावरील लायडरने आठवडाभरातच हा थर टिपला. त्याची उंची ३० किलोमीटरपर्यंत व त्याहूनही वर होती. ज्या उंचीवरील हवा स्वच्छ मानून गणित मांडायचे, तीच उंची येथे स्वच्छ राहिली नाही. अशा वेळी केंद्राच्या पूर्वीच्या नोंदी व उपकरणाची जुनी माहिती यांच्या आधारेच मार्ग काढावा लागतो.

याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मौना लोआ ज्वालामुखी जागृत झाला. त्याच्या लाव्हारसाने वेधशाळेकडे जाणारा रस्ता व वीजवाहिनी तोडली, आणि जगभरच्या ज्वालामुखींचे कण मोजणाऱ्या केंद्राच्या नोंदींत त्याच्या पायाखालच्या ज्वालामुखीनेच खंड पाडला. २००६ मध्ये सोडलेला कॅलिप्सो हा लायडर-उपग्रह २०२३ मध्ये निवृत्त झाला; मे २०२४ मध्ये अर्थकेअर हा नवा उपग्रह लायडरसह अवकाशात गेला. कॅलिप्सोवरील लायडर ५३२ व १०६४ नॅनोमीटरवर काम करीत असे, अर्थकेअरवरील ३५५ नॅनोमीटरवर करतो. या दोघांच्या नोंदी जोडण्यासाठी जमिनीवरील अखंड मालिकांचाच दुवा उपयोगी पडतो.

याखेरीज एक प्रश्न धोरणाचा आहे. तापमानवाढ रोखण्यासाठी स्थितांबरात मुद्दाम गंधकाचे कण सोडावेत काय, या विषयावर पॉल क्रुट्झन यांच्या २००६ मधील निबंधानंतर गांभीर्याने चर्चा सुरू झाली. त्याच्या इष्टानिष्टतेचा विचार येथे अभिप्रेत नाही. परंतु असा प्रयोग कोणी केला, उघडपणे वा गुप्तपणे, तर नैसर्गिक काय आणि मानवनिर्मित काय हे ठरविण्याचा पुरावा याच मालिकांत असेल.

१०. जुन्या नोंदींचे मोल

या संदर्भात एक घटना महाविद्यालयीन अध्यापकांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. १९६४-६५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील लेक्सिंग्टन आणि अलास्कातील फेअरबँक्स येथे घेतलेल्या लायडर मापनांचा संच हा या थराचा जगातील पहिला बहुवर्षीय संच होय. आगुंगच्या उद्रेकानंतरच्या काळाची ही दुर्मीळ साक्ष आहे. मूळ संगणकीय स्वरूपात ती उपलब्ध नव्हती. ग्रॅम्स यांच्या १९६६ मधील पीएच.डी. प्रबंधात या मापनांची कोष्टके छापलेली होती. त्यांवरून हुआन कार्लोस अंतुन्या-मारेरो व सहकाऱ्यांनी हा संच पुन्हा उभा केला आणि २०२१ मध्ये तो सर्वांसाठी खुला केला. पंचावन्न वर्षांपूर्वीच्या एका प्रबंधातील कोष्टके, त्यांच्या कर्त्याने कल्पनाही केली नसेल अशा प्रश्नांसाठी उपयोगी पडली.

आपल्याकडील ग्रंथालयांत असे कितीतरी प्रबंध कपाटांत आहेत. त्यांतील निष्कर्ष कालांतराने जुने होतात. परंतु काळजीपूर्वक नोंदविलेली मूळ मापने जुनी होत नाहीत. प्रबंधातून कोष्टके वगळून केवळ आलेख ठेवण्याची प्रथा या दृष्टीने पुनर्विचार करण्याजोगी आहे.

११. समारोप

लायडर हे साधन तत्त्वतः सोपे आहे. प्रकाश सोडावा, परत येणारा प्रकाश मोजावा, वेळेवरून उंची काढावी. त्याची खरी कठीण बाजू तंत्रात नसून सातत्यात आहे. उद्रेक झाला की निधी मिळतो, लक्ष वेधले जाते, शोधनिबंध होतात. उद्रेक नसलेल्या वर्षांत हेच काम निरर्थक वाटू लागते. परंतु १९९१ ची उंची मोजता आली ती १९८९ ची पातळी माहीत होती म्हणून, आणि २००० नंतरच्या वाढीचा खरा उलगडा झाला तो शांत वर्षांच्या नोंदी जपलेल्या होत्या म्हणून. पुढचा मोठा उद्रेक केव्हा व कोठे होईल हे सांगता येत नाही. तो झाल्यावर किती फरक पडला, या प्रश्नाचे उत्तर मात्र त्याआधीच्या निरभ्र रात्रींत किती ठिकाणी लेसर लावला गेला, यावरच अवलंबून राहील.